बेंजो

बेंजो म्हणजे बुलबुलतरंगच. मूळ जपानी. १९१२ च्या सुमाराला नागोयात गोरो मोरितानं तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. आपल्याकडं त्याला वीज लागली, भोंगा लागला, आणि मिरवणुकीत तो गल्ली हादरवायला लागला.

दोस्तांनो, त्यापुढं नाचणारे तुम्ही. वाजवणाऱ्याचा हा एक आठवडा.

१३ एप्रिलच्या रात्री बाराला साताऱ्यात. ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या गावच्या शाळेत भिवा रामजीचं नाव पटावर चढलं, तिथं. बोटं सुजली तरी थांबलो न्हाई. १४ ला सांगली. तार तुटली, म्हणून १५ ला मिरजेत, सतारवाल्यांच्या गल्लीत.

१६ ला तासगावकडं वरात. मोठ्या लोकांची. सवयीनं बोटं भीमगीतावर गेली. नवऱ्याचा चुलता कानाशी आला, "पोरा, देवळापुढं हे नको. पिच्चरचं वाजव."

मी पिच्चरचं वाजवलं. खोटं कशाला सांगू?

घरी आज्जी जागी होती. ५६ नंतर आज्ज्यानं डफडं टाकलं. पाटलाच्या दारात वाजवायचं न्हाई म्हणून. बलुतं बंद झालं, घरानं उपास काढले. आज्जी सगळं ऐकून म्हणाली, "त्यो टाकून आला, तू उचलून आलास."

"आज्जे, ते फुकट होतं. ह्याचं रोख पैसं मिळत्यात."

"मग रोख घिऊन गप बसलास व्हय?"

तिकडचीच दुसरी सुपारी आली आहे, २० तारखेची. अजून हो म्हटलेलं नाही.