परतवारी

बेंगळुरूत पहाटे साडेचारला मित्र खाली सोडायला आला. त्याची मुलगी तिथं राहते. आठवडाभर तो तिच्याकडेच राहणार होता. "झोप आली तर थांब रे, उगाच शहाणपणा करू नकोस," म्हणत त्यानं दार लावलं आणि शेजारची सीट एकदम रुंद झाली.

पुण्याहून कोकण, गोवा, केरळ करत कन्याकुमारी आणि तिथून मदुराई, सेलमवरून बेंगळुरू, इथवर आम्ही दोघं होतो. एसी किती ठेवायचा यावरून सात राज्यांचं भांडण होईल इतके वाद घातले होते. उरलेले साडेआठशे किलोमीटर माझे एकट्याचे.

जाताना माणूस कुठंतरी जात असतो, येताना नुसता रस्ता कापतो. पंढरीला निघालेली वारी सगळं पुणं पाहतं. माउलींची पालखी तशीच पायी आळंदीला परतते, हे कितीजणांच्या ध्यानात असतं? परतवारीला सोबत मोजकी माणसं आणि लांब पल्ले. तुमकूर मागं पडलं तेव्हा मला ती आठवली. मी काही वारकरी नव्हे, पण आपल्याला बघायला कोणी रस्त्यावर उभं नाही, एवढं तरी सारखं होतं.

एकट्यानं गाडी चालवताना आधी बोलणं सुटतं. पूर्वी टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांवरून निदान दोन शब्द व्हायचे. 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि तेही संपलं. आडवा दांडा न बोलता वर जातो. पंपावर 'फुल', हॉटेलात 'इडली-वडा', झालं. चित्रदुर्गचा किल्ला दिसल्यावर मी मोठ्यानं "अरे, ते बघ!" म्हणालो. मग मीच बघितलं.

हावेरीच्या अलीकडे वाट वाकडी करून ब्याडगीला गेलो आणि दोन किलो मिरची घेतली. सुरकुतलेली, गडद लाल, तिखटापेक्षा रंगालाच जास्त. गोडसे भटजी सत्तावन्नच्या धामधुमीतून घरी परतले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. माझ्या कावडीत ही मिरची. बंद काचांत तिचा ठसका असा कोंडला की पुढं धारवाडपर्यंत शिंकत होतो, आणि प्रत्येक शिंकेला 'शतंजीव' म्हणायलाही कोणी नव्हतं.

हुबळीजवळ उजव्या हाताला, जरा आत, कुंदगोळ आहे. सवाई गंधर्वांचं गाव. भीमसेन जोशी तिथं शिकले आणि गुरूंच्या नावाचा महोत्सव 1953 पासून पुण्यात रुजवला. पु. लं.नी त्यांना 'हवाईगंधर्व' म्हटलं ते विमानातल्या सततच्या येण्याजाण्यावरून. मला मात्र स्टिअरिंगवर बसलेले भीमसेन जवळचे वाटतात. मैफलींसाठी ते स्वतः गाडी चालवत लांबलांब जात. गाडीच्या इंजिनाचीही त्यांना जाण होती. मैफल संपवून पहाटेच्या रस्त्याला लागल्यावर ते काय करत असतील? गुणगुणत असतील? मला वाटतं, गप्प असतील. तीच गळ्याची विश्रांती. माझ्या गळ्याला विश्रांती द्यावी असं त्यानं काहीच केलेलं नव्हतं, तरी तो सकाळपासून बसून होता.

निपाणीत कानावर मराठी आली, कागलला पाट्यांवर. पुढं साताऱ्यापर्यंत रुंदीकरण. वळणं, धूळ, बॅरिकेड. त्याबद्दल काही न लिहिणंच बरं. साताऱ्याच्या अलीकडे आल्याच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो पुढं होता, तो काही केल्या बाजू देईना. खंबाटकीचा बोगदा आणि त्यानंतरचं बदनाम वळण श्वास धरून पार केलं.

शिंदेवाडीला नवा बोगदा सोडून जुन्या घाटाला लागलो. नव्यातून लवकर होतं, पण तो पुण्याच्या कुशीत न नेता बगलेतून बाहेर काढतो. जुना बोगदा ओलांडला की खाली शहर पसरलेलं दिसतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं ते याच उताराच्या जोरावर. मीही अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. घाटातच फोन वाजला.

"कुठवर आलास?"

"कात्रज उतरतोय."

"मग मंडईवरूनच ये. कोथिंबीर आण. आणि आलं संपलंय."

सव्वातीन हजार किलोमीटरनंतरचं स्वागत ते एवढंच. आलं तर दीड तास माझ्या पुढंच चाललं होतं.

स्वारगेट, बाजीराव रस्ता, मग उजवीकडे. मंडईचा मनोरा दिसला. ही इमारत 1886 ची, तेव्हाचं रे मार्केट. या बांधकामावर पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं नगरपालिकेत महात्मा फुले सांगत होते. 1938 मध्ये तिला त्यांचंच नाव दिलं गेलं. पुण्यात विरोधाचीही कालांतरानं पाटी होते. गाडी वाहनतळात घातली. पाय जमिनीवर ठेवले तरी अंग अजून रस्त्यावरच डुलत होतं.

आतले गाळे बंद होत आले होते. बाहेर एक बाई उरलेल्या जुड्या गोणपाटावर एकत्र करत होती. 'कोथिंबीर कशी दिली?' म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर पडली.

"काय?"

खाकरलो. "कोथिंबीर कशी?"

"वीस."

"सुकलीय की."

"मग सकाळी यायचं."

सकाळी मी कुठं होतो ते सांगावंसं वाटलं. "पंधराला द्या," एवढंच म्हणालो. तिनं जुडी झटकून पिशवीत टाकली.

"मिरच्या घालू वर? सगळे मागतात, काका."

"नको, दोन किलो आहेत घरी. म्हणजे गाडीत. ब्याडगीच्या. हुबळी माहितीय ना, तिच्या अलीकडं..."

तिनं गोणपाटाची घडी घातली, तराजू टोपलीत ठेवला, सुटे मोजले. मी सांगतच होतो.