गोड पावाचा घोटाळा

कोल्हापूरच्या माणसाला परदेशात कशाची धास्ती वाटत असेल, तर ती थंडीची नव्हे, जेवणाची. ज्याचा पिंड तांबड्या-पांढऱ्या रश्शावर पोसला, त्याला बिनतिखटाच्या मुलखात पाठवणे म्हणजे रंकाळ्यातला मासा वाळूत सोडणे. शिवाय आमचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स मुक्कामी वारले. त्यांची छत्री तिथल्या नदीकाठी आजही उभी आहे. मुलाने पॅरिसची तिकिटे पाठवली, तेव्हा सौ.ने मला या इतिहासाची दोनदा आठवण करून दिली.

आमच्या घरात अर्धा संसार सामिष आणि अर्धा निरामिष. मी मटणाचा भक्त, सौ. मात्र अंबाबाईची भक्त, मांसमच्छीला जन्मात तोंड न लावलेली. तरीही गेली चाळीस वर्षे दर रविवारी माझ्यासाठी पांढरा रस्सा तीच करते. चव अर्थातच घेत नाही. वाटी माझ्यापुढे ठेवते आणि विचारते, ''अहो, मीठ बरोबर आहे का?'' मी ''बरोबर'' म्हणालो की पातेले खाली उतरते. माझ्या जिभेवर तिचा एवढा विश्वास!

पॅरिसला मुलगा म्हणाला, ''बाबा, फोनमध्येच सगळं भाषांतर होतं.'' पण मी पडलो जुन्या वळणाचा. सीन नदीच्या कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या मांडलेल्या असतात. तिथे मला खाद्यपदार्थांचा एक फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश सापडला. बंडीच्या खिशात मावेल एवढाच, पण त्याने मला पंडित करून सोडले. बटाट्याला हे लोक 'पोम द तेर', म्हणजे 'भुईतले सफरचंद' म्हणतात. 'ओबेर्जिन' म्हणजे आपले वांगे. आणि तो शब्दही मूळ संस्कृतातून निघून फारशी, अरबी अशी मजल दरमजल करीत तिकडे पोहोचलेला. 'मन्यू' म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, तर ठरावीक दराचे अख्खे जेवण; यादीला 'कार्त' म्हणायचे. ही विद्या मी सौ.ला रोज ऐकवत असे. ती मान डोलवी.

एके दिवशी मुलगा कामावर गेलेला. आम्ही दोघेच एका खानावळीत शिरलो. मी ऐटीत 'कार्त' मागवली, चष्मा लावला आणि कोश उघडला. स्वतःसाठी कोंबडी शोधली. मग सौ.साठी शोधता शोधता एका ओळीवर बोट थांबले : 'री द व्हो'. तांदळाला 'री' म्हणतात एवढे मला पाठ होते. पण इथे शेवटचे अक्षर वेगळे होते. कोशात पाहिले, तर अर्थ दिलेला : 'स्वीटब्रेड'. मनात म्हटले, वा! भात नाही तर नाही, गोड पाव तरी आहे. 'व्हो' हे गावाचे नाव असणार. आपण नाही का कोल्हापुरी चप्पल म्हणत!

''तुझ्यासाठी गोड पाव मागवतो,'' मी म्हणालो. तिने नेहमीसारखी मान डोलवली.

वेटर साठीचा, सभ्य गृहस्थ होता. मी बोटाने दोन्ही ओळी दाखवल्या. त्याने लिहून घेतले. तो वळणार, इतक्यात सौ.ने, आयुष्यात प्रथमच माझ्या बोलण्यानंतर स्वतःचे बोलणे जोडले. ''नो मीट,'' ती हळूच म्हणाली.

तो थबकला. कागदाकडे पाहिले, तिच्या कुंकवाकडे पाहिले आणि जोरजोरात मान हलवू लागला. मी त्याच्यापुढे कोश धरला. त्याने तो अदबीने बाजूला केला, दोन बोटे कपाळाशी शिंगांसारखी धरली आणि तो म्हातारा भर खानावळीत चक्क हंबरला. मग हात खाली आणून आडवा दाखवला, म्हणजे लहान, वासरू. आणि शेवटी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवले.

माझ्या हातापायांतले बळ गेले. घरी आल्यावर मुलाने खुलासा केला. 'व्हो' म्हणजे वासरू. आणि इंग्रजीत 'स्वीटब्रेड' म्हणजे गोडही नव्हे आणि पावही नव्हे. ती वासराच्या गळ्याजवळची ग्रंथी! फ्रेंचांनी मला फसवले नव्हते. ज्या इंग्रजीचा मला जन्मभर अभिमान, तिनेच फसवले होते.

त्या म्हाताऱ्याने सौ.ला पाव, कच्च्या भाज्यांची थाळी आणि 'भुईतली सफरचंदे' उकडून आणून दिली. ती शांतपणे जेवली. मला कोंबडी गोड लागली नाही.

रात्री मी विचारले, ''तू 'नो मीट' का म्हणालीस? माझ्यावर विश्वास नव्हता?''

ती म्हणाली, ''तुमच्यावर होता. पुस्तकावर नव्हता. वाचताना तुम्ही पानाचा शेवट कधी बघता?''

मी गप्प झालो. कारण तिला ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. कित्येक रविवारी तिने वाटी पुढे ठेवली, तेव्हा वर्तमानपत्रातून डोके न काढता, रश्शाला ओठ न लावताच मी ''बरोबर'' म्हणून मोकळा झालो होतो. कधी पाहुण्यांनी खारट रस्सा मुकाट्याने गिळला असेल आणि नाव मात्र तिचे गेले असेल.

तो कोश आता कपाटात आहे. रविवारी ती वाटी आणते, ''मीठ बरोबर आहे का?'' म्हणून विचारते. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवतो, फुंकर घालून दोन घोट घेतो, आणि मगच उत्तर देतो. परवा म्हणालो, ''चिमूटभर कमी आहे.'' तिने चमकून माझ्याकडे पाहिले आणि हसत मिठाची बरणी आणायला गेली.