काट्याची जबानी

मोटारीतल्या जुन्या रेडिओचा काटा चुकू लागला, म्हणजे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर न सापडता बोटभर पलीकडे लागू लागले, की आमच्या अहिल्यानगरातले पुष्कळसे कारागीर तडक ट्रिमरला हात घालतात आणि वर्षानुवर्षे जुळून राहिलेल्या कॉइल पाव फेऱ्यात बिघडवून ठेवतात, याचे मला मनापासून दुःख होते. तपास आधी, इलाज मागाहून.

केंद्र एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून येऊन लावावे. काटा दोन्ही वेळा निरनिराळ्या जागी थांबला, तर दोष ढिल्या दोरीचा किंवा झिजलेल्या दात्यांचा. मग मुंबईची ५५८ आणि १०४४ ही ठिकाणे पाहावीत. काचेवर चूक सर्वत्र सारख्याच अंतराची व एकाच दिशेची निघाली, तर काटा नुसता सरकलेला असतो. तो टोकाच्या खुणेवर आणून लाखेच्या थेंबाने पक्का करावा. चूक एका टोकाकडे वाढत गेली, तरच ऑसिलेटरची कैफियत ऐकावी.

घरच्या रेडिओत गँगचे पत्रे फिरतात. परंतु रस्त्याच्या गचक्यांनी ते थरथरतील, म्हणून मोटारीच्या बहुतेक रेडिओंत फेराइटचे कोअर एकाच सरकपट्टीवर बसून कॉइलमध्ये आतबाहेर होतात. कोअर आत गेला की कंप्रता उतरते. त्यामुळे वरचे टोक ट्रिमरने आणि खालचे कोअरच्या बैठकीने साधावे, आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर होत असल्यामुळे, दोन्ही स्थिर होईतो पुनःपुन्हा साधावे. तेही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, कारण लोखंड जवळ येताच कॉइलचा गुणच पालटतो. फेराइट ठिसूळ, अडलेल्या कोअरवर जोर करू नये.

काच फार जुनी असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जिनीव्हा करारानुसार २३ नोव्हेंबर १९७८ पासून मध्यम लहरींवरील केंद्रांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ झाले, व कित्येक केंद्रे थोडी सरकली. तेवढ्या केसभर फरकासाठी निर्दोष यंत्राला दोषी धरणे अन्यायाचे आहे.

एरियलचा ट्रिमर मात्र टेबलावर लावूच नये. एरियलच्या वायरीची धारकता त्या हिशेबातच धरलेली असते. म्हणून रेडिओ गाडीत बसवून, एरियल पूर्ण उंच करून, बाजाराच्या खरखरीपासून दूर सुप्याच्या रस्त्याला गाडी उभी करावी, आणि १४०० च्या आसपास एखाद्या क्षीण केंद्रावर, ते न मिळाल्यास नुसत्या सुसकाऱ्यावर, आवाज जास्तीत जास्त भरेल तिथे स्क्रू सोडावा.