दोन हिरवे, लाल एकच

दोन हिरवे ठिपके, पण लाल एकच! परळच्या एका रुग्णालयात जेनेटिक काउन्सेलर बाईंनी भाच्याच्या पेशीचा फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि मी खुर्चीतून पुढेच सरकले. लालही दोन हवे होते. बावीस नंबरच्या गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एकीतला तुकडा गायब! साधारण ३० लाख अक्षरं. सगळा डीएनए म्हणजे हजार पानांची पोथी धरली, तर त्यातलं एक पान.

त्या एका पानानं किती कोडी सुटावीत! रडलं की निळं पडणारं बाळ, फॅलोज टेट्रॉलॉजी हा हृदयदोष, पहिल्या वाढदिवसाआधीच ऑपरेशन. हृदय छान चालू लागलं, पण बोलणं उशिरा, तेही नाकातून. 'बाबा' म्हणायला जायचा आणि 'मामा' व्हायचं; माझा भाऊ उगाच खूश. पाच उलटली तरी मोजताना सहाशी अडतो. आम्हाला वाटायचं, मेंदूला रक्त कमी पडलं असणार. तेही कारण असतं म्हणे, पण एकटं नाही.

आता हे ऐकाच. गर्भ जेमतेम महिन्याचा असताना, पुढे जिथे मेंदूचा मागचा भाग होणार तिथून काही पेशी चक्क प्रवासाला निघतात. काही चेहऱ्याकडे जातात, काही थेट हृदयाशी पोचून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधली भिंत घालतात. १९८३ साली मार्गारेट किर्बी यांनी कोंबडीच्या गर्भातून या पेशी काढून पाहिल्या, तर ती भिंत धड होईना. मेंदूच्या गावचे गवंडी हृदयात! हरवलेल्या पानावरचं टीबीएक्स-१ हे जनुक त्यांची वाट आखायला लागतं, आणि शेजारची काही जनुकं मेंदूच्या बांधणीला.

दादरला भाईंदर लोकल मिळाली आणि मी चौथ्या सीटवरच्या अनोळखी बाईंनाही हे सांगत सुटले. २०१५ मध्ये १२१३ मुलं आणि त्यांचे आईवडील तपासले होते, अहो! हृदयदोषासोबत विकासात विलंब आणि इतर व्यंगही असलेल्या २० टक्के मुलांत, आईवडिलांत नसलेले नवे घातक जनुकबदल हे कारण निघालं. नुसताच हृदयदोष असलेल्यांत २ टक्के. आपल्या पालघरातून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हृदयदोष आणि विकासातला विलंब दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या रकान्यांत. मला तर त्या रकान्यांमधली रेघच पुसावीशी वाटली. बाई बोरिवलीला उतरल्या. बहुधा त्यांना तिथेच उतरायचं असावं.

ताई खिडकीशी गप्प. तिचा आणि भावजींचा रिपोर्ट स्वच्छ होता, म्हणजे भाच्यातच नव्यानं घडलेलं. दहातल्या नऊ मुलांत असंच असतं. पण तिच्या डोक्यात २६ डिसेंबर २०१९ होता. त्या सकाळी सूर्यग्रहण होतं, तिला पाचवा होता आणि तिनं डब्यासाठी भेंडी चिरली होती. सासूबाईंनी तेव्हापासून ती भेंडी विसरू दिली नव्हती.

मीरा रोड गेलं. "हे तुटलं कधी म्हणाल्या त्या?"

"बीजपेशी तयार होतानाच. गर्भ राहायच्याही आधी."

"आणि मी भेंडी चिरली तेव्हा?"

"तेव्हा त्याचं हृदय बांधून दोन-अडीच महिने झाले होते, ताई."

तिनं भाच्याला कडेवर घेतलं, दाराशी आली. "सासूबाईंना तूच सांग," म्हणाली. "मला हसू आवरायचं नाही."