रिलीव्हर आला नाही तर?

मी महाप्याला नोकरी करतो आणि कथा लिहितो, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "आयटीत का?" महापे म्हटलं की लोकांना मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचा आठवतात. मी आयटीत नाही. शीळफाट्याच्या रस्त्यापासून आत, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका गाळ्यात इलेक्ट्रिकल पॅनल बनवणारा छोटा कारखाना आहे. त्याचं स्टोअर माझ्याकडे आहे. आलेला माल मोजायचा, चलन तपासायचं, बिन कार्डावर चढवायचं आणि बाहेर जाणाऱ्या मालाचा गेटपास फाडायचा. पावडर कोटिंगला गेलेले पॅनलचे दरवाजे परत आले का, हे बघायचं. जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर जीएसटीवाले तो विकला असं धरतात. माझ्या दिवसातला बराच वेळ, कोण काय घेऊन गेलं आणि त्यानं ते परत आणलं का, याचा पाठपुरावा करण्यात जातो. कथा लिहायला ही नोकरी वाईट नाही, पण हे कळायला मला फार वर्षं लागली.

आधीची वर्षं लेखकांचे सल्ले गोळा करण्यात गेली. मुलाखत असो, परिसंवाद असो, मनोगत असो, लेखक लिहिण्याबद्दल बोलतोय म्हटलं की मी कान टवकारायचो. रोज ठरावीक वेळी बसा. पहाटे लिहा. आधी आराखडा करा. आराखडा अजिबात करू नका. नेमाड्यांनी 'कोसला' ही कादंबरी अवघ्या काही दिवसांत लिहून काढली, ही गोष्ट तर मी इतक्या जणांकडून ऐकली की जणू तोही एक सल्लाच. आता वाटतं, यातलं बहुतेक सगळं त्या त्या लेखकाच्या घराबद्दल होतं. त्याला पहाट मिळते, टेबल मिळतं, चहा करून देणारं कुणीतरी असतं. मला दुपारची जेवणाची अर्धी सुट्टी मिळते आणि रद्द झालेल्या चलनांच्या कोऱ्या पाठी मिळतात. पहाटे मी कोपरखैरण्याच्या नळाला पाणी येण्याची वाट बघत असतो.

मराठीत लेखनाबद्दल काही लिहिलंच गेलेलं नाही, अशी तक्रार कार्यशाळांमधून होते. ती खरी नाही. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ सालचं. कथानक कसं बांधावं, सुरुवात कशी करावी, वाचकाला कसं धरून ठेवावं, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. पुढच्या पिढ्यांनी फडक्यांच्या तंत्राची यथेच्छ टिंगल केली, आणि टिंगल करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या कथा पहिल्या दोन पानांतच वाचकाच्या हातून सुटतात. अलीकडचं म्हणाल तर विलास सारंगांचं 'सर्जनशोध आणि लिहिता लेखक' आहे. सारंग मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून कथा लिहीत आणि लेखन या कामाकडे डोळसपणे बघत. दोन्ही पुस्तकं मी वाचली, खुणा केल्या. पण माझी अडलेली कथा त्यांच्यामुळे पुढे सरकली नाही. त्यात पुस्तकांचा दोष नाही. पुस्तक माझं पान बघून बोलत नव्हतं, एवढंच.

मराठी कथेचं खरं शिक्षण पान बघूनच झालं असावं. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं तेव्हा मी शाळेतही नव्हतो, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर लेखकाशी किती बारकाईनं बोलत, याच्या आठवणी त्या पिढीनं भरपूर लिहून ठेवल्यात. एखादी जागा पुन्हा लिहा, हे पात्र असं का वागतं, हा शेवट कुठून आला. गिरगावातल्या खटाववाडीत बसून केलेलं हे काम 'कार्यशाळा' या नावाखाली कुणी मोजलं नाही. आज दिवाळी अंकाकडे कथा पाठवली तर एक तर छापून येते, नाहीतर येत नाही. का आली नाही, ते कुणी कळवत नाही. संपादकांना तेवढी फुरसत नाही, हेही मला मान्य आहे. 'सत्यकथे'बद्दल फार हळवं होण्याचंही कारण नाही. आपल्या लेखनाला तिथं दार बंद आहे असं ज्यांना वाटलं, त्या तरुणांनी १९६९ साली तिची जाहीर होळीच केली होती.

मला माझं पान बघणारं माणूस वाशीला भेटलं. एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं कथालेखन शिबिर होतं. शिकवायला एक ज्येष्ठ कथालेखिका होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणू लागलो. दहा-बाराजणांनी कथा आधी पाठवल्या होत्या. माझी कथा आमच्या कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटी गार्डवर होती. रात्रपाळीत त्याला गावाहून फोन येतो, आई गेली. त्याला गेट सोडता येत नाही. तो ट्यूबलाइटखाली एकटाच रडतो. कथा संपते. वाचून दाखवली तेव्हा हॉलमध्ये दोघींनी डोळे पुसले, त्यामुळे मी खुशीत होतो.

ताईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "अहो, याची पाळी किती वाजता संपते?"

"सकाळी आठला."

"मग आठला काय होतं? याच्या जागी कोण येतं?"

"दुसरा गार्ड. रिलीव्हर."

"तो आला नाही तर?"

मला माहीत नव्हतं. त्या गेटमधून मी रोज जात होतो, गार्डच्या सहीशिवाय माझा एकही गेटपास बाहेर जात नव्हता, पण हे कधी विचारलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "आई मारली की कुठल्याही माणसाची कथा होते. ही गार्डचीच का आहे, ते सांगा. त्याच्या कामाचे नियम काय आहेत, ते शोधून काढा. नियम कुठं मोडतो आणि मोडला की कोण भरतं, तिथं बघा." त्यांनी आईबद्दल आणखी काही म्हटलं नाही. लगेच पुढची कथा घेतली.

सोमवारी डिस्पॅचची गाडी निघाल्यावर मी गेटवरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. गार्ड उदगीरकडचे. वयानं माझ्याहून बरेच मोठे, तरी मला साहेब म्हणतात. मी विचारलं, रिलीव्हर नाही आला तर काय करता?

"काय करायचंय साहेब? डबल. चार्ज दिल्याबिगर गेट सोडता येत नाही. आन् चार्ज कुणाला द्यावा, भिंतीला?"

बारा तासांची पाळी, रिलीव्हर आला नाही तर चोवीस. एजन्सीच्या सुपरवायझरला फोन लावायचा, तो म्हणतो, "देखता हूँ." घरी फोन लावायचा, बायकोला 'डबल' एवढाच शब्द पुरतो. डबलचे पैसे मिळतात, म्हणून काहीजण मुद्दाम मागून घेतात. काहीजण दुसऱ्याला पैसे मिळावेत म्हणून ठरवून दांडी मारतात आणि मग पुढच्या आठवड्यात उलटं. हे ऐकताना मला कळलं, की एका गेटवर दोन माणसांमध्ये उसनवारी, उपकार, फसवणूक आणि दोस्ती एवढं सगळं चाललेलं असतं आणि ती दोन माणसं रोज फक्त पाच मिनिटं भेटतात.

मग त्यांनी चार्जची वही दाखवली. पाळी बदलताना पानावर एकच मजकूर उतरवायचा. चाव्या ११, टॉर्च १, शिट्टी १, काठी १, छत्री १ (मोडकी). मी मागची पानं उलटली. कंसातला 'मोडकी' प्रत्येक पानावर, मागच्या वहीतही. दोन हस्ताक्षरं, कधी तिसरं बदली गार्डचं, पण 'मोडकी' कुणी चुकवलेलं नाही.

"टाकून का देत नाही?"

"टाकली तर एक छत्री कमी भरंल की. आन् 'मोडकी' नाही लिहिलं तर माझ्या पाळीत मोडली आसं हुईल. म्या आलो तवाच मोडकी हुती."

मी स्टोअरचा माणूस. नादुरुस्त माल रजिस्टरवर जिवंत ठेवण्याची ही रीत मला चांगलीच ठाऊक होती. तरी ती छत्री हाती लागल्यावर मी दिवसभर कामात नव्हतो.

कथा नव्यानं लिहिली. आई जिवंत राहिली. सकाळी मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी कागदपत्रं घेऊन कॉलेजात जायचंय आणि आठ वाजून गेले तरी रिलीव्हर आलेला नाही, एवढंच ठेवलं. रिलीव्हरनं दांडी मारलीय ती याच्याच भल्यासाठी, याला डबल मिळावी म्हणून. गेल्या महिन्यात यानंच ती मागितली होती. शेवटी अर्थातच छत्री. नऊ वाजता बदली गार्ड येतो, हा वहीत लिहितो, छत्री एक, कंसात मोडकी. मला स्वतःला तो शेवट इतका आवडला होता की ताईंना पाठवताना सोबत दोन ओळींचं पत्रही लिहिलं नाही.

ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "कथा झालीय. छत्री तेवढी शेवटातून काढा."

मी म्हटलं, "ताई, तीच तर कथा आहे."

"म्हणूनच. शेवटी ठेवली की वाचकाला छत्री दिसत नाही, छत्रीकडे बोट दाखवणारे तुम्ही दिसता. मधे कुठंतरी टाका आणि पुढे चला. ज्याला दिसायची त्याला दिसेल."

छत्री पाचव्या पानावर गेली. मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये मी हा सर्वांत वर ठेवतो. तो ताईंनी माझं पान हातात धरून दिला होता.

त्यांचं सगळंच ऐकलं असंही नाही. सुपरवायझरचं हिंदी मराठीत आणा, निदान सौम्य करा, असं त्या म्हणत होत्या. ते मी केलं नाही. महाप्याच्या गेटवर उदगीरचा माणूस जौनपूरच्या सुपरवायझरशी हिंदीत बोलतो, माझ्याशी उदगिरी मराठीत आणि मॅनेजर आला की छापील मराठीत. या तीन भाषांतली वर-खाली जागा पुसली तर कथेतला अर्धा ताण जातो. भाऊ पाध्यांनी 'वासूनाका'त नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी आणली, तेव्हा आचार्य अत्र्यांसारख्यांनी त्यांच्यावर झोड उठवली होती. आज ते पुस्तक त्या भाषेसाठीच वाचलं जातं. जयंत पवारांनी तर 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा' असं गिरणगावातल्या पोराच्या तोंडचं उच्चारण कथेच्या नावातच ठेवलं. १९८२ च्या गिरणी संपानंतरचा गिरणगाव त्या एका ओळीत ऐकू येतो. ताईंना मी ही दोन उदाहरणं दिली. त्या म्हणाल्या, "ते भाऊ पाध्ये होते." मी म्हटलं, "हो, पण ते होण्याआधी तेही कुणीतरी नवखेच होते की." त्या हसल्या. मान्य मात्र केलं नाही.

कामाच्या नियमात कथा शोधायची ही नजर आली आणि आधी वाचलेलं पुन्हा वाचावंसं वाटू लागलं. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आपण जातीची म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण ती सुरू होते रेल्वेतल्या नोकरीपासून. परक्या गावी रुजू झालेला तरुण, त्याला राहायला खोली हवी आणि खोलीसाठी जात सांगावी लागते. नोकरी, खोली, प्रश्न. बाकी सगळं त्यातून येतं. त्याच नावाचा संग्रह १९६३ चा, 'कोसला'ही त्याच वर्षीची. एकाच वर्षात मराठीत या दोन वाटा निघाल्या.

आणि अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'. ती मला आता कारखान्याच्या गच्चीवरून वाचल्यासारखी वाटते, कारण इथून पारसिकचा डोंगर दिसतो, खाणींनी कापलेला. त्यातल्या कित्येक खाणी आता बंद आहेत. कथेतला भीमा मुंबईजवळच्या खाणीत दगड फोडणारा. खाण बंद होते, उपासमार येते आणि तो पुरलेल्या प्रेतांच्या अंगावरचं सोनं शोधू लागतो. एवढं भयानक काम तो करतो, पण अण्णा भाऊंनी त्याला राक्षस केलेलं नाही आणि बिचाराही केलेलं नाही. दगड फोडायची ताकद होती, ती आता थडग्यावर चालते. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटं जातात आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. मजुराची बोटं आणि खाण, याशिवाय दुसरं काहीही गेलं असतं तर ती कथा उभी राहिली नसती. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या माणसानं हे लिहिलंय. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहिलंय, टेबल-पहाटेच्या सल्ल्यांची वाट न बघता.

माझी कथा दिवाळी अंकात आली. मानधन अंकाच्या एका प्रतीच्या रूपानं आलं. गार्डकाकांना ती प्रत दिली, त्यांनी ती मुलीकडून वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी एकच हरकत नोंदवली, आमच्या गेटला चाव्या बारा आहेत, एक नवीन झालीय. पुढच्या कथेसाठी मी आता पावडर कोटिंगवाल्याकडे बसतो. ओव्हनपाशी काम करणारा मुलगा दुपारी किती वाजता जेवतो आणि तेव्हा ओव्हन कोण बघतं, हे विचारून झालंय. उत्तर मजेशीर आहे, इथं सांगत नाही.

महाप्यात, रबाळ्यात, तुर्भ्यात, तळोज्यात पाळीवर जाणारे आणि लपूनछपून लिहिणारे माझ्यासारखे आणखी असणार. माझ्या वाचनात तरी महाप्यातल्या गेटच्या आतली दुसरी मराठी कथा अजून आलेली नाही. तुमच्याकडे असेल तर आधी एखाद्या जाणत्या माणसाला वाचायला द्या आणि मग पाठवा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव जून-जुलैतच सुरू होते. गणपती येईपर्यंत थांबलात तर बहुतेक अंकांची पानं लागून गेलेली असतात.