वजनकाट्यापासून शिखरापर्यंत

२१ जानेवारी, मोशी

दुपारी विमानतळावरून थेट टांझानियातलं मोशी. या गावातून किलिमांजारो समोरच दिसतो म्हणतात, पण आज तो ढगांत पूर्ण बुडालेला. संध्याकाळी गेस्टहाउसच्या अंगणात गटाची पहिली बैठक झाली. आम्ही नऊ जण. नाशिकचं एक निवृत्त जोडपं, ज्यांना तासाभरात सगळेच काका-काकू म्हणू लागले. नैरोबीत वाढलेला एक गुजराती तरुण, दोन डच बहिणी, आयर्लंडची एक नर्स, कॅनडाहून आलेले बाप-लेक आणि पुण्याची मी.

मुख्य गाइड चग्गा समाजातला आहे, याच डोंगराच्या दक्षिण उतारावरच्या गावात वाढलेला. शांतपणे, पण ठामपणे बोलतो. किलिमांजारोवर १९९१ पासून गाइडशिवाय जाता येत नाही. का, ते त्याने पहिल्या दहा मिनिटांत पटवून दिलं. रोज तीन-चार लिटर पाणी प्यायचं. डोकं दुखलं, मळमळलं, झोप लागली नाही, तर लपवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंद होणार. आणि कुणी खाली उतरायचं हे तो ठरवणार, त्यावर चर्चा नाही.

मग प्रत्येकाची बॅग उघडून एकेक वस्तू पाहिली. सुती टी-शर्ट बाजूला, कारण घामाने भिजले की ते वाळत नाहीत आणि थंडी हाडांत शिरते. दोघांना जाड जॅकेट भाड्याने घ्यायला पाठवलं. काकूंच्या बॅगेतली मेतकुटाची बरणी मात्र हातात घेऊन, वास घेऊन, परत ठेवली.

२२ जानेवारी, मचामे कँप

मचामे गेट साधारण १८०० मीटरवर. तिथे आमची नोंदणी चालली असताना मी पोर्टरांच्या रांगेकडे गेले. एक लोखंडी काटा टांगलेला असतो. प्रत्येक पोर्टर आपलं ओझं त्याला अडकवतो, रेंजर आकडा वाचतो. कंपनीच्या सामानाची मर्यादा २० किलो. एका पोत्याचा काटा बावीसच्या पुढे गेला तेव्हा ते तिथेच सोडलं, बटाट्यांची पिशवी काढून दुसऱ्याच्या ओझ्यात घातली आणि पुन्हा वजन केलं. पोर्टरचे स्वतःचे कपडे आणि अंथरूण याशिवाय वेगळं.

आमच्या नऊ जणांमागे पाच गाइड, एक आचारी आणि तीसहून जास्त पोर्टर आहेत. तंबू, गॅस, भांडी, अन्न, टेबल-खुर्च्या, अगदी तंबूतलं शौचालयसुद्धा माणसांच्या डोक्यावरून वर जातं. या वाटेवर जनावर नाही, गाडी नाही. माझी बॅग विशीतल्या एका मुलाकडे आहे. तो सुट्टीत हे काम करून कॉलेजची फी भरतो.

वाट दिवसभर दाट, ओल्या जंगलातून. झाडांवरून शेवाळ लोंबतंय. पायाशी लाल-पिवळी, सोंडेसारख्या वळणाची फुलं दिसली आणि लगेच ओळख पटली: आपल्या तेरड्याच्याच कुळातली. ही जात किलिमांजारोवर सापडते. श्रावणात कास पठारावर गेलेल्या कुणालाही ती परकी वाटणार नाही.

२३ जानेवारी, शिरा

जंगल संपलं, झुडपं आली, मग उघडा खडक. उंची ३८०० मीटरच्या आसपास. दुपारी ढग फाटले आणि किबो या मुख्य शिखराचा पांढरा माथा दिसला. योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने १८४८ मध्ये इथे बर्फ पाहिल्याचं कळवलं, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ असूच शकत नाही म्हणून लंडनच्या भूगोलतज्ज्ञांनी त्याला खोटं ठरवलं होतं. स्थानिक चग्गा लोकांना तर तो पिढ्यानपिढ्या दिसतच होता.

चालणं अगदी संथ. पुढचा गाइड दर थोड्या वेळाने 'पोले पोले' म्हणतो, आणि रांग आणखी हळू होते. सह्याद्रीत भराभर चढायची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला हे जड जातं. पण श्वास लागला नाही पाहिजे, बोलता बोलता चालता आलं पाहिजे, हाच इथला नियम. विरळ हवेत शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ या चालीतूनच मिळतो.

जेवणाच्या तंबूत सूप, पॉपकॉर्न, आल्याचा चहा. रात्री मी गाइडला विचारलं की पोर्टर कुठे झोपतात. त्याने मला नेऊन त्यांचे तंबू दाखवले. जाड गाद्या, आत चौघं-पाचजणं. स्वयंपाकाच्या तंबूत उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि कोबीची भाजी चालली होती. तो म्हणाला, "सगळ्या कंपन्यांत असं नसतं. काही ठिकाणी दिवसातून एकदाच जेवण मिळतं. पाहुण्यांचं जेवण उरकेपर्यंत पोरं थंडीत बाहेर थांबतात, मग त्याच तंबूत झोपतात." तो हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. मी विचारलं, म्हणून त्याने सांगितलं.

२४ जानेवारी, बारांको

आजचा दिवस या वाटेचा कणा. सकाळी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे ४६०० मीटरच्या आसपास चढायचं, तिथे जेवायचं आणि पुन्हा ३९०० च्या थोडं वर उतरून झोपायचं. उंच चढा, खाली झोपा. शरीराला एकदा वरच्या हवेची चव दाखवून परत आणायचं. मचामेची वाट लांब असूनही लोक ती निवडतात, त्यामागे हे मोठं कारण.

टॉवरपाशी जवळजवळ सगळ्यांचीच डोकी ठणकत होती. मोठ्या डच बहिणीला उलटी झाली. गाइडने तिला बसवलं, घोट घोट पाणी पाजलं आणि लगेच एका साहाय्यकाबरोबर खाली पाठवलं. तासाभरात उतारावर ती हसत बोलत होती. उंचीच्या त्रासावर खरं औषध एकच: खाली उतरणं. गोळ्या मदत करतात, उतरण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

बारांकोच्या खोऱ्यात महाकाय सेनेसियोची झाडं. माणसाहून कितीतरी उंच, टोकाला पानांचा झुबका. वाळलेली पानं गळत नाहीत, खोडालाच चिकटून राहतात आणि रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीत त्याला ऊब देतात. पान उचलून पाहिलं, आत खोड खरंच कोरडं होतं.

कुणालाच भूक नव्हती. काकूंनी मेतकूट काढलं, आचाऱ्याने त्यांच्या सांगण्यावरून मऊ भात केला, वर थोडं लोणी. आयरिश नर्सने दोनदा वाढून घेतला.

२५ जानेवारी, करांगा

सकाळी बारांकोची भिंत. अडीचशे मीटरच्या आसपास उभा चढ, हातापायांनी चढायचा. काठ्या बॅगेत, दोन्ही हात दगडावर. एका ठिकाणी खडकाला छाती लावून, बाजूला सरकत पुढे जावं लागतं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्यांना तंत्र ओळखीचं वाटेल, दम मात्र वेगळाच लागतो.

आणि याच भिंतीवरून पोर्टर चढत होते, डोक्यावर ओझं, एक हात वर धरून. आम्ही खडकाला चिकटून त्यांना वाट देत होतो. माझ्या बॅगेवाल्या मुलाचे बूट नीट होते, म्हणून मी सहज विचारलं. म्हणाला, मोशीतून आणलेत, पोर्टरांच्या संस्थेतून. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था २००३ पासून मोशीत काम करते. ती पोर्टरांना डोंगरावरचे कपडे विनामूल्य वापरायला देते, आणि कंपन्या पगार, जेवण, निवारा आणि ओझ्याचे नियम पाळतात की नाही ते तपासते. आमची कंपनी तिच्या यादीत आहे. हे मी निघण्याआधी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ आज त्या भिंतीवर कळला.

२६ जानेवारी, बाराफू

बाराफू ४६७० मीटरच्या जवळपास. इथे पाण्याचा झरा नाही. शेवटचं पाणी करांगाच्या खोऱ्यात. तिथे उतरून, वीस-वीस लिटरचे डबे भरून, ते डोक्यावर घेऊन पोर्टर इथे येतात. दुपारी मला चहाचा कप मिळाला, तो कुणीतरी चार तास वाहून आणला होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

दुपारपासून काका नीट दिसत नव्हते. ऑक्सिजन साठच्या घरात, थोडं थांबून पुन्हा पाहिलं तरी चढेना. प्रश्नाचं उत्तर देताना शब्द शोधत होते. गाइडने त्यांना एका पावलाची टाच दुसऱ्याच्या पंजाला टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला. चौथं पाऊल गाइडने टाकू दिलं नाही. हे मेंदूला सूज येऊ लागल्याचं लक्षण असू शकतं, आणि अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते.

काका म्हणाले, "थोडं पडतो, बरं वाटेल." गाइड त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला. "बाबा, डोंगर इथेच आहे. तुम्ही आत्ता खाली चला." पंधरा मिनिटांत दोन साहाय्यक गाइड, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि काकांची बॅग तयार. काकूंना विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी आपली काठी उचलली होती. जाताना माझ्या हातात मेतकुटाची बरणी दिली. "उद्या वरून आल्यावर खा गं."

दोन गाइड गेले, तरी सात जणांसाठी तीन उरले. वरचा बेत जसाच्या तसा राहिला आणि खाली जाणाऱ्याला पुरेशी माणसं मिळाली. गटात गाइड किती, हा प्रश्न बुकिंगच्या वेळी क्षुल्लक वाटतो. त्याचं उत्तर आज मिळालं.

२७ जानेवारी, म्वेका कँप

रात्री बाराच्या सुमारास निघालो. कपाळावरच्या दिव्यांची रांग वरवर गेलेली. उणे दहाच्या खाली. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवायला सांगितल्या होत्या, कारण बर्फ वरून धरतो आणि तोंड मोकळं राहतं. गाइड मध्येच गाणं धरायचे. कुणी डुलकी घेतोय असं वाटलं की मुख्य गाइड जवळ येऊन नावाने हाक मारायचा आणि उत्तर येईपर्यंत हलायचा नाही. लहान डच बहीण दोनदा रडली. तिची पाठीवरची बॅग त्याने न बोलता आपल्या खांद्यावर घेतली.

स्टेला पॉइंट, ५७५६ मीटर, तिथे उजाडलं. पुढे विवराच्या काठाने उहुरूपर्यंत आणखी तासभर. डावीकडे हिमनद्यांच्या उभ्या, निळसर भिंती. १९१२ पासून या डोंगरावरचा ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेला आहे. उरलेला आपल्या डोळ्यांदेखत जातोय, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं आणि मन हलतं.

उहुरू, स्वाहिलीत 'स्वातंत्र्य', ५८९५ मीटर, आफ्रिकेचा माथा. हवेत समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच ऑक्सिजन. जर्मन अमदानीत या शिखराला कैसर विल्हेल्मचं नाव होतं. ९ डिसेंबर १९६१ ला देश स्वतंत्र झाला त्या मध्यरात्री लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी इथे झेंडा रोवला आणि मशाल पेटवली. गाइडने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. मी त्याचे दोन्ही हात धरले. सातही जण पोहोचलो.

मग उतार, भुसभुशीत मातीतून, गुडघ्यांची परीक्षा पाहणारा. संध्याकाळी म्वेका कँपला, ३१०० मीटरच्या आसपास, काका तंबूबाहेर खुर्चीत बसून चहा पीत होते. चालणं सरळ, बोलणं सरळ. रात्रीच पुष्कळ खाली आणल्यामुळे.

२८ जानेवारी, म्वेका गेट, मोशी

सकाळी निघण्याआधी सगळे पोर्टर, आचारी आणि गाइड एकत्र जमले. गाणी झाली, नाच झाला, काकूही नाचल्या. मग टिपचा कार्यक्रम. आम्ही गोळा केलेली रक्कम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली: एकूण किती, गाइडला किती, आचाऱ्याला किती, पोर्टरला किती. प्रत्येकाच्या हातात पाकीट, प्रत्येकाची कागदावर सही. एकाच माणसाकडे गठ्ठा दिला तर तो खालपर्यंत पोहोचेलच असं नाही, म्हणून ही पद्धत. माझी बॅग वाहणाऱ्या मुलाने पाकीट उघडून मोजलं, आकडा जुळला, त्याने मान हलवली. हिशोब तपासण्याचा त्याला हक्कच होता.

२९ जानेवारी, मोशी

आज आकाश निरभ्र. बाजारात कॉफी घेतली, डोंगर दिवसभर समोर होता.

परतल्यावर अनेक जण विचारतील की कोणत्या कंपनीबरोबर जायचं, किती खर्च येतो, कुठली स्वस्त. महाराष्ट्रातून इथे येणारे गिर्यारोहक वाढताहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं: दर विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. किती जणांमागे किती गाइड? खाली उतरवण्याचा निर्णय कोणाचा, आणि त्या रात्री सोबत कोण जाणार? पोर्टरला रोज किती पगार, किती वेळा जेवण आणि झोपायला कुठे? टिप थेट त्याच्या हातात जाते का? ज्या कंपनीकडे या चारांची स्पष्ट उत्तरं नसतील तिचा दर अर्धा असला, तरी तिच्याबरोबर जाऊ नका. तो वाचलेला पैसा एखाद्या पोर्टरच्या जेवणातून किंवा तुमच्याच सुरक्षिततेतून कापलेला असतो.