उशाशी आलेला पाहुणा

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. लग्नघरात कुणी घोरू लागले की पोरे खुसुखुसु हसतात आणि वडीलधारी म्हणतात, ‘बघा, कशी गाढ झोप लागलीय!’ आमच्या ह्यांच्या घोरण्यावरही घरात पंचवीस वर्षे विनोद झाले. मला मात्र त्या आवाजापेक्षा मधल्या शांततेची धास्ती वाटे. चढत गेलेले घोरणे एकाएकी थांबायचे. मी अंधारात आकडे मोजायची. पंधरा, वीस, पंचवीस... मग हे गुदमरल्यासारखे धडपडत आणि पुन्हा घोरू लागत. सकाळी त्यांना यातले काही आठवत नसे. डोके जड, पेपर वाचताना डुलक्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या वाढलेल्या. डॉक्टरांचे नाव काढले की म्हणत, ‘घोरण्यासाठी कुणी दवाखान्यात जातं का?’

२०२२च्या दिवाळीत पुण्याहून नाशिकला येताना सिन्नरच्या अलीकडे गाडी चालवता चालवता ह्यांचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली. मागच्या सीटवर लेक आणि तिचे बाळ होते. कुणाला खरचटले नाही, पण त्यानंतर हे निमूटपणे माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले.

रात्रभर झोपेची तपासणी झाली. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, हृदयाचे ठोके, सगळ्याची नोंद. डॉक्टरांनी समजावून सांगितले की झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो, की वाट पुन्हा मोकळी. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला किंवा फार उथळ झाला, तर तो एक अडथळा मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे असले तर काळजी नसते, तीस किंवा त्याहून जास्त म्हणजे आजार तीव्र. ह्यांचे निघाले एकेचाळीस!

उपाय होता सीपॅप नावाचे यंत्र. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने मास्कमधून सोडते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत जगापुढे मांडली. त्यापूर्वी आजार तीव्र असेल तर गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून द्यावी लागे.

यंत्र घरी आले आणि खरी परीक्षा सुरू झाली. कधी नाक कोरडे पडे, कधी मास्कच्या कडेने हवा सुटून डोळ्यांवर येई. मध्यरात्री मास्क काढून हे कुशीवर वळत. पाहुणे यायचे असले की यंत्र कपाटात जाई. एका रात्री हळूच म्हणाले, ‘सोंड लावलेला नवरा बघून तुला काय वाटत असेल गं?’

मी म्हटले, ‘अहो, इतकी वर्षं तुमचे श्वास मोजत जागी राहिले. आता मलाही झोपू द्या की!’

त्यानंतर आम्ही दोघे मिळूनच त्या यंत्रामागे लागलो. डॉक्टरांकडून मास्कचे माप बदलून घेतले. संध्याकाळी टीव्ही बघताना हे अर्धा तास मास्क लावून बसत, म्हणजे सवय होई. हवा ओलसर राहावी म्हणून यंत्राच्या डबीत डिस्टिल्ड वॉटर, मास्क रोज साबणाच्या पाण्याने धुणे आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. तीन आठवड्यांनी हे रात्रभर मास्क लावून झोपले. सकाळी चहा घेताना म्हणाले, ‘आज डोकं हलकं वाटतंय.’ पुढच्या तपासणीत यंत्रातल्या नोंदीनुसार अडथळे तासाला चारवर आले होते.

यंत्राने हा आजार मुळातून जात नाही. ते रोज लावावे लागते. वजन उतरले तर त्रास कमी होऊ शकतो, म्हणून पहाटे फिरणेही सुरू आहे. हा आजार केवळ पुरुषांचा नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही त्याचे प्रमाण वाढते, पण ‘मी घोरते’ असे किती जणी डॉक्टरांना सांगतात?

मैत्रिणींनो, झोपलेल्या माणसाला आपला श्वास थांबल्याचे कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्यालाच दिसते. तुमच्या घरात कुणाचे घोरणे असे मध्येच थांबत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा आणि रात्री तुम्ही जे पाहता ते तुम्हीच सांगा. आमच्याकडे आता पाहुणे आले तरी यंत्र उशाशीच असते.